पाहुणे पुष्कळ, भागीदार थोडे

अंगणवाडीला भेट देणाऱ्यांचा आपल्या शहरात मुळीच तुटवडा नाही. स्वातंत्र्यदिनाला खाऊ येतो, बालदिनाला फुगे येतात. मार्च महिना जवळ आला की एखाद्या कारखान्याची गाडी येते आणि प्लॅस्टिकची घसरगुंडी उतरवून जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण विद्यार्थीही जातो. भिंतीवर मोर आणि आगगाडी रंगवतो, 'अ अननसाचा' काढतो, ब्रश धुतो, फोटो घेतो आणि परततो. या सर्वांच्या मनात चांगलेच असते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की, पाहुणे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत काय उरते?

उरते ती एक सेविका, तिची एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस मुले. बालशिक्षणाचा दर्जा म्हणून जे काही आहे ते या सकाळीच ठरते. बाईजवळ गोष्ट सांगायला वेळ आहे का, रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यायला तिचे हात मोकळे आहेत का, तिला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात का, यावर तो ठरतो. भिंतीवरच्या मोरावर नव्हे. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. बालशिक्षणासाठी स्थानिक मदत हवीच. पण ती वस्तूंची नको, रोजच्या खर्चाची हवी, आणि जो तो खर्च उचलेल त्यालाच भागीदार म्हणावे. बाकीच्यांना पाहुणे म्हणावे, चहा द्यावा, आभार मानावेत.

मुकुंदवाडीचे उदाहरण घेऊ. एके काळचे हे गाव आता छत्रपती संभाजीनगरच्या पोटात आले आहे. जवळून जालना रोड जातो, पलीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ, अलीकडे सिडकोची आखीव घरे, आणि मधून रेल्वेचा रूळ. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या माणसाला गाव सोडायला शिकवले, आणि ती शिकवण पुढच्या दुष्काळांनी विसरू दिली नाही. कारखाने आले तशी जालना, बीड, परभणीकडची कुटुंबे इकडे आली. आज अशा वस्तीतल्या एकाच सतरंजीवर घरी मराठी बोलणारे, दखनी बोलणारे, बंजारा बोली बोलणारे आणि उत्तरेकडून आलेल्या मजुराचे अशी चार मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. बाईंनी 'पाऊस' म्हटले तर चौघांच्या डोळ्यांपुढे चार शब्द उभे राहतात. एम.ए.ला भाषाविज्ञान शिकणाऱ्यांनाही जड जाईल असे हे काम आपण एका मानधनावरच्या बाईवर सोपवून मोकळे झालो आहोत.

२०१९ साली याच मुकुंदवाडीची बातमी जगभर गेली. नऊ-दहा वर्षांची मुले रिकामी भांडी घेऊन पॅसेंजर गाडीत चढत, शहराच्या मोठ्या स्टेशनवर पाणी भरत आणि घरी परतत. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. वाचून सर्वांना हळहळ वाटली. पण थोरले मूल पाण्याला गेले, आई धुण्याभांड्याला गेली, बाप कंपनीत पाळीवर गेला, तर घरातल्या तीन वर्षांच्या मुलाचे काय? गरीब घरात हा प्रश्न शिक्षणाचा म्हणून उभाच राहत नाही. तो 'कोणाजवळ ठेवायचे' असा उभा राहतो. त्यामुळेच अंगणवाडी ही पोर ठेवण्याची आणि खिचडी मिळण्याची जागा, आणि शिक्षण मात्र पहिलीपासून, अशी समजूत वस्तीत होते. सुशिक्षितांची समजूत तरी याहून फार वेगळी कुठे आहे? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांचा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे घटनेचे ४५ वे कलम २००२ च्या दुरुस्तीनंतर सांगते. 'हक्क' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांतल्या अंतरात आपली अंगणवाडी उभी आहे.

वास्तविक हा शब्दच आपल्या भाषेतला. ताराबाई मोडक शहरांत माँटेसरी पद्धतीच्या शाळांचे काम करत होत्या. १९२६ साली गिजुभाई बधेकांच्या सोबतीने त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. परंतु ही पद्धत महागड्या साधनांत आणि सुखवस्तू घरांत अडकून पडते आहे, हे त्यांनी ओळखले. १९४५ च्या अखेरीस त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत दलित वस्तीतली मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्या अंगणातून 'अंगणवाडी' हा शब्द निघाला. साधने कोणती? शंखशिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला रानात जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. या दोघींनी पैसा कमी होता म्हणून शिक्षण स्वस्त केले नाही. वस्तूंवरचा खर्च कमी केला. माणसावरचा, त्याच्या तयारीवरचा खर्च कमी केला नाही. पुढे १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. नाव घेतले, पण त्यामागचा हिशेब घेतला का, हे विचारण्यासारखे आहे.

बोर्डीचे काम सुरू झाले त्याच वर्षी, १९४५ साली, इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात एक विलक्षण गोष्ट घडली. युद्ध नुकतेच संपले होते. पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ही वार्ता ऐकून सायकलवरून पाहायला गेला आणि पुढे जन्मभर त्याच कामात राहिला. रणगाड्याची गोष्ट सगळे सांगतात. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. लोकांनी शाळा उभ्या केल्या आणि नगरपालिकेने जबाबदारी घ्यावी म्हणून तिच्यामागे लकडा लावला. १९६३ साली नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली, आणि पालकांचा कारभारातला वाटा तरीही कायम राहिला. म्हणजे लोकवर्गणीमुळे सरकार सुटले नाही, उलट बांधले गेले.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 'स्थानिक भागीदारी' हा शब्द उच्चारताच आपल्यातली काही विचारी मंडळी सावध होतात. लोक पैसा घालू लागले की सरकार अंग काढून घेईल, अशी त्यांना धास्ती वाटते, आणि ती निराधार नाही. सेविकांचेच पाहा. आज पन्नास वर्षे झाली तरी त्यांना पगार नाही, मानधन आहे. केंद्राने २०१८ साली आपला वाटा ३,००० वरून ४,५०० रुपये केला. राज्य त्यात भर घालते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ मध्येही चालू राहिला. ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू होतो, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. आणि कामे? आहार वाटणे, वजने घेणे, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी धावपळ, मोबाईलवर माहिती भरणे, सर्वेक्षणे. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज भरण्याचे कामही त्यांच्याकडे आले, अर्जामागे ५० रुपये ठरवून. या सगळ्यातून जो वेळ उरेल तो पूर्वप्राथमिक शिक्षणाचा. 'आकार'सारखा अभ्यासक्रम राज्याने तयार केला आहे, त्यात चांगले खेळ आहेत, गाणी आहेत. पण ती पुस्तिका उघडायची कधी?

तेव्हा सरकारने जे द्यायचे ते सरकारनेच दिले पाहिजे. स्थानिक पैसा सरकारी पैशाच्या जागी एक रुपयाही जाता कामा नये, तो वर जावा. सेविकेचे मानधन वर्गणीतून देऊ नये, आहाराचा खर्च देणगीतून भागवू नये. मग वर्गणीतून करायचे काय? माझ्या मते पहिले काम एकच. प्रत्येक अंगणवाडीत सकाळचे तीन तास फक्त मुलांसाठी असलेली एक दुसरी बालशिक्षिका हवी. तिच्या हाती रजिस्टर नको, मोबाईल नको, वजनकाटाही नको. ती वस्तीतलीच असावी, बारावी किंवा बी.ए. झालेली, मुलांच्या घरची बोली समजणारी, आणि तिला वर्षभर नियमित प्रशिक्षण मिळावे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ साली पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. १२३ गरीब कृष्णवर्णीय मुले. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. त्यांचा मागोवा संशोधकांनी ती चाळिशीला येईपर्यंत घेतला. बालशाळेत गेलेल्यांचे पुढचे शिक्षण, कमाई, कायद्याशी वागणूक, सगळेच सरस निघाले. हा प्रयोग देणगीदारांना फार आवडतो. रुपया घातला की किती रुपये परत येतात, हे सांगायला तो बरा पडतो. पण तिथे रुपया कशात घातला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. तो शिक्षिकांत घातला होता. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका, आणि दर आठवड्याला तिची प्रत्येक घरी भेट. घसरगुंडीचा उल्लेख त्या अहवालांत कोणी करत नाही.

आता पैशाचे पाहू. समजा अशा बालशिक्षिकेला तीन तासांचे महिना ६,००० रुपये दिले. आकडा मी हात आखडूनच धरला आहे. वर्षाचे झाले ७२,०००. मुकुंदवाडीच्या आसपासच्या वीस अंगणवाड्या धरल्या तर १४ लाख ४० हजार. ही रक्कम आपल्या-तुपल्या खिशाला मोठी आहे. चिकलठाण्याच्या वसाहतीला नाही. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींवर आहे, तिने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. पाच कोटींचे दोन टक्के दहा लाख. म्हणजे दोन मध्यम कारखान्यांत हे काम भागते. शिवाय, कंपनी जिथे चालते तिथल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तेच कलम म्हणते. ज्या वस्तीतून कामगार येतो तिच्याहून जवळचा परिसर कोणता?

कंपन्यांचे अधिकारी म्हणतात, आम्हाला दरवर्षी बांधून घेता येत नाही, एकदा काय ते मागा. ही सबब आता पुरेशी नाही. 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालणारे काम नियमांत बसते. खरी अडचण वेगळीच आहे. पगाराला कोनशिला लावता येत नाही. इमारतीवर नाव कोरता येते, शुद्ध पाण्याच्या यंत्रावर स्टिकर चिकटवता येतो, पण सोमवारी सकाळी एका मुलीने वीस मुलांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, यावर देणगीदाराचे नाव कुठे घालणार?

दुसरा भागीदार महानगरपालिका. अर्थसंकल्पातली पाच टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी, असा शासनाचा महानगरपालिकांना दंडक आहे. या रकमेतून शिवणयंत्रे आणि शिबिरे निघतात, 'बाल' हा अर्धा शब्द तेवढा कागदावर राहतो. तिला जाब विचारायचा तर नगरसेवक हवेत. आपल्या शहरात एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचाच कारभार होता. महानगरपालिकेकडून मला पैशापेक्षा जागा आणि पाणी हवे आहे. शहरात अंगणवाडीला गायरान नसते. भाड्याच्या खोलीत ती चालते, घरमालकाच्या मुलीचे लग्न ठरले की खोली खाली करावी लागते. महानगरपालिकेच्या शाळा दुपारच्या असल्या तर सकाळी त्यांचे वर्ग रिकामे असतात. समाजमंदिरे दिवसभर कुलूपबंद असतात. किल्ली कोणाकडे आहे, एवढाच शोध घ्यायचा आहे.

मुंबईत 'प्रथम' या संस्थेने १९९५ च्या सुमारास याच किल्लीचा शोध घेऊन बालवाड्या काढल्या. देवळात, मशिदीत, पक्षाच्या कचेरीत, कोणाच्या घरात, मिळेल तिथे वर्ग भरला. शिकवणाऱ्या मुली त्याच वस्तीतल्या. पालकांकडून थोडी फी, बाकी भार संस्थेवर, आणि महानगरपालिका, उद्योगपती व नागरिक यांची सांगड. अशा बालवाड्यांवर दर्जाची टीकाही झाली. अल्प प्रशिक्षणाची मुलगी काय शिकवणार, असे शास्त्रशुद्ध बालशिक्षणाचे पुरस्कर्ते विचारत, आणि ते चुकीचे विचारत नव्हते. म्हणूनच प्रशिक्षणाचा खर्च पगाराइतकाच आवश्यक मानला पाहिजे. पण इमारत नाही म्हणून बालवाडी नाही, ही सबब तिथे निकालात निघाली. आपल्या शहरातही डॉ. हेडगेवार रुग्णालयाच्या कामाशी जोडलेले सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळ वस्त्यांत आरोग्य आणि शिक्षणाची कामे करत आले आहे. दवाखाना आणि शाळा वस्तीत हातात हात घालून जाऊ शकतात, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सिद्ध करायचे नाही.

तिसरा भागीदार पालक. यांना आपण नेहमी लाभार्थी म्हणतो, आणि तिथेच चूक होते. याच वस्तीत पत्र्याच्या खोलीतल्या 'इंग्लिश नर्सरी'ला महिन्याची फी भरणारे रिक्षावाले आणि कंपनी कामगार आहेत. मूल तिथे टाय लावून बसते आणि ए-बी-सी-डी घोकते. म्हणजे शिक्षणासाठी पैसा सोडण्याची वस्तीची तयारी आहे. तो कशासाठी सोडावा, याची खात्री तिला कोणी दिलेली नाही. अंगणवाडीच्या निधीत पालकांनी ऐच्छिक दहा-वीस रुपये घातले तर रक्कम फार होणार नाही, आणि न देणाऱ्याचे मूल बाहेर राहता कामा नये. पण ज्याने दहा रुपये घातले तो हिशेब विचारतो. 'बाई, आज दुसऱ्या बाई का आल्या नाहीत?' असे विचारायला त्याला तोंड येते. निधीच्या समितीत सेविका, मुख्य सेविका, कंपनीचा माणूस, एखादे प्राध्यापक असावेत, पण अर्ध्याहून अधिक जागा वस्तीतल्या आयांच्या असाव्यात आणि बँकेत सहीचा अधिकारही त्यांच्यातल्या एकीला असावा. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानात २०२२ पासून राज्यभर मातांचे गट झाले. त्या आया मोबाईलवर आलेला खेळ घरच्या डाळ-तांदळाच्या दाण्यांवर मुलांकडून करून घेतात. ज्या गटाला हे जमते त्याला पासबुक सांभाळणे जमणार नाही, असे मानायचे कारण नाही.

राहिलो आपण. कला शाखेचा विद्यार्थी पैसे देऊ शकत नाही हे खरे. त्याच्याजवळ काय आहे, हे मात्र त्याने कधी मोजलेले नसते. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. अंगणवाडी वर्षाचे ३०० दिवस, रोज चार तास चालते असे धरले तर १,२०० तास होतात. दहा विद्यार्थ्यांचे कागदावरचे तास एका अंगणवाडीच्या संपूर्ण वर्षाइतके भरतात! ते तास आज जातात कुठे, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. इथे लिहायला नको. मानसशास्त्राच्या वर्गात आपण पियाजेच्या अवस्था पाठ करतो. त्या अवस्थांतली मुले पुस्तकातल्या चित्रांतच पाहतो. मराठीचे विद्यार्थी लोकगीतांवर टिपणे काढतात. ती गाणी, कोडी, बडबडगीते दखनीत आणि बंजारा बोलीतही गोळा करून बालशिक्षिकेच्या हाती दिली, तर त्या टिपणांना परीक्षेपलीकडे आयुष्य मिळेल. नाट्यमंडळाने पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीतून आठवड्याचा एक तास काढून बाहुल्यांचा खेळ बसवावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी निधीची वही लिहायला आयांना मदत करावी.

मात्र एक अट हवी. शिबिर म्हणून जाऊ नये. सात दिवस रोज जाणारा दादा आठव्या दिवशी दिसेनासा झाला की तीन वर्षांच्या मुलाला त्याचे कारण सांगता येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकच दिवस, पण ठरलेला, आणि दोन वर्षे. इथे एक व्यावहारिक अडचण येते, ती आताच सोडवून ठेवलेली बरी. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या परीक्षा असतात आणि मेमध्ये आपण गावी जातो. अंगणवाडीला आपल्यासारखी सुट्टी नसते, आणि जूनमध्ये तिथली थोरली मुले पहिलीत जायची असतात. म्हणजे तिला हात लागतात नेमके तेव्हाच आपण गायब. यावर उपाय असा की, प्रत्येक अंगणवाडीला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची एकेक जोडी द्यावी, जोडीतला एक तरी शहरात घर असलेला असावा, आणि उन्हाळ्याचे वेळापत्रक दिवाळीपूर्वीच मुख्य सेविकेकडे लिहून द्यावे. सेवा योजनेच्या प्राध्यापकांनी हजेरी तिच्याच रजिस्टरवरून घ्यावी, आपल्याकडच्या फोटोंवरून घेऊ नये.